हरित इमारतीच्या दारात कोणती मॅट टाकावी?

नांदेडला तुमची हरित इमारत उभी राहतेय आणि दारातल्या मॅटबद्दल तुम्ही विचारलंय. मी लातूरला एका ऑफिसच्या इमारतीची देखभाल बघतो, त्या अनुभवावरून सांगतो.

कंपनी कोणती ते नंतर बघा, आधी लांबी बघा. हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या लीड (LEED) या पद्धतीत चालण्याच्या दिशेनं किमान १० फूट मागितलेत. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण पाऊल अडीच फुटांचं धरलं तर चारच पावलं होतात. म्हणजे एकेका चपलेला पुसायला दोनदाच मिळतं. आपली काळी माती दोनदात सुटते होय? जागा असेल तर १५ फूट करा.

आम्ही आधी स्वस्तात काथ्याची पायपुसणी आणली होती. पावसाळ्यात ती भिजली की वाळेचनात, कुबट वास सुटला आणि काथ्या लिफ्टपर्यंत पसरला. आता बाहेर छपराखाली खड्ड्यावर ॲल्युमिनियमची जाळी आहे आणि आत रबरी पाठीची नायलॉनची मॅट. खड्ड्याला निचरा ठेवायचाच. आमच्या कंत्राटदारानं तो ठेवला नव्हता, पाणी साचलं आणि डासांच्या अळ्या झाल्या. हरित इमारत म्हणून पाट्या लावायच्या आणि दारातच डास पाळायचे! जाळीच्या फटीही बारीक घ्या, नाहीतर म्हाताऱ्यांच्या काठ्या अडकतात.

निगेचं म्हणाल तर चिखल ओला असताना मॅट घासू नका, माती धाग्यांत मुरते. पूर्ण वाळू द्या, उलटी करून बडवा, मग व्हॅक्यूम मारा. त्यासाठी मॅटचे दोन संच लागतात, एक वाळतोय तोवर दुसरा दारात. लीडची अट आठवड्यातून एकदा साफसफाईची आहे, पण उन्हाळ्यातल्या फुफाट्यात आमच्या मावशी दिवसातून दोनदा व्हॅक्यूम फिरवतात. झाडू नको, धूळ उडून पुन्हा आतच बसते. जाळी उचलून खड्ड्यातली माती मात्र दर शनिवारी काढतो, ती तुंबली की वरच्या जाळीचा काही उपयोग नाही.

रोज धुवायचा सल्ला विक्रेते देतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात आम्हाला ते पटत नाही. वर्षातून दोनदा साध्या पाण्यानं धुतो आणि ते पाणी झाडांना घालतो.

आणि हो, मॅटची जाडी ठरवण्याआधी दाराखालची फट मोजा. आमचं काचेचं दार पहिल्याच दिवशी मॅटवर अडकून बसलं होतं.