बुडालेलं जुनं अमेरिकी नौदलाचं विमान खासगी माणसाने बाहेर काढलं, तर ते त्याच्या मालकीचं होतं का?

नाही. किती वर्षं पडून होतं याने फरक पडत नाही, मालकी नौदलाचीच राहते. २००४ च्या कायद्याने तर बुडालेल्या लष्करी विमानांना परवानगीशिवाय हात लावायलाही मनाई केली.

त्याआधी, १९९० मध्ये, मिनेसोटाच्या एका मेकॅनिकने नॉर्थ कॅरोलायनातल्या दलदलीतून १९४४ मध्ये कोसळलेलं कॉर्सेअर, म्हणजे नौदलाचं एक लढाऊ विमान, काढलं होतं. नौदलाने २००४ मध्ये त्याच्यावर खटला भरला. शेवटी अमेरिकी संसदेने खास तरतूद करून विमान त्याला दिलं. हा अपवाद, नियम नव्हे.

तरीही अशी विमानं बाहेर काढणाऱ्या सगळ्याच खासगी हौशींना दोष देणं मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात मिशिगन सरोवरात वैमानिकांना विमानवाहू जहाजावर उतरण्याचं प्रशिक्षण देताना शंभराहून जास्त विमानं बुडाली. पाणी गोडं आणि थंड, म्हणून ती टिकली. त्यांतली अनेक पाण्यात बुडी मारणाऱ्या खासगी माणसांनीच, पण नौदलाच्या संमतीने वर काढली. त्याच महायुद्धातल्या मिडवेच्या लढाईत लढलेलं एक डॉन्टलेस, म्हणजे नौदलाचं बॉम्बफेकी विमान, १९९४ मध्ये असंच या सरोवरातून वर आलं. पुढे ते फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात ठेवलं गेलं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याचं ॲल्युमिनियम केव्हाच पोखरलं असतं.