कापसाच्या जिनिंगच्या सॉफ्टवेअरचा आठ वर्षांचा कोड सबव्हर्जनवरून गिटवर (दोन्ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी साधनं) नेताना जुना इतिहास जाईल का? नेट खेड्यातलं आहे.

नाही जात भाऊ. ‘गिट एसव्हीएन क्लोन’ या, सबव्हर्जनची गिटमध्ये प्रत बनवणाऱ्या कमांडने प्रत्येक कमिट, म्हणजे बदलाची प्रत्येक नोंद, तारखेसकट येते.

आधी लेखकांची फाइल बनवा. सबव्हर्जन फक्त युजरनेम ठेवतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. आमच्याकडे ‘काटा’ या एकाच लॉगिनवरून तिघं जण कमिट करायचे. कोणतं काम कोणाचं, हे जुन्या वजनपावत्यांच्या तारखा लावून शोधावं लागलं. दोन दिवस गेले, पण ते केलंच पाहिजे.

यवतमाळमधल्या दारव्ह्याकडच्या नेटवर थेट सर्व्हरवरून क्लोन लावू नका. सर्व्हरवर ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन डंप’ (सगळ्या इतिहासाची एक फाइल) काढा, पेनड्राइव्हवर आणा, आपल्या मशीनवर लोड करा आणि तिथून क्लोन करा. मधेच लाइन गेली तर ‘गिट एसव्हीएन फेच’ थांबला तिथून पुढे चालू होतो.

टॅग (आवृत्त्यांवरच्या खुणा) रिमोट ब्रँच (कोडच्या फांद्या) म्हणून येतात, ते हाताने खरे टॅग करून घ्या. रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही. डेटाबेसचे जुने बॅकअप कोडमध्येच टाकले असतील तर ते आत्ताच इतिहासातूनही काढा, कारण गिटचा कोड ऑनलाइन ठेवणारी गिटहब साइट १०० एमबीवरची फाइल घेत नाही.

हे काम पावसाळ्यात करा, जिनिंग बंद असतं तेव्हा. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की कोणी हात लावू देणार नाही. बदल झाला की जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता ठेवा.

नंतर लोडशेडिंगमध्येही लॅपटॉपवर कमिट होते, नेट आलं की पुश करायचं, म्हणजे सर्व्हरवर पाठवायचं.