‘साहेबांनी माझी खरडपट्टी केली’ हे बरोबर आहे का? खरडपट्टी म्हणजे नेमकं काय?

केली नाही, काढली. खरडपट्टी काढतात, कानउघाडणी करतात, हजेरी घेतात. बोलणी तेवढी आपण खातो.

या शब्दापायी मी स्वतः खाल्लीत, म्हणून लिहायला बसलो. 1994 साली एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. रात्री साडेदहाला बातमी आली, तुंबलेल्या गटारांवरून न्यायालयाने पालिकेला सुनावलं. दोन कॉलमी मथळा. ‘कानउघाडणी’ काही केल्या बसेना. ‘खरडपट्टी’ एका अक्षराने कमी, चपखल बसली. दिलं ठोकून.

सकाळी संपादकांनी अंक टेबलावर आपटला. “न्यायालय काय सासू आहे का? न्यायालय ताशेरे ओढतं!” तिथे थांबले असते तर ती कानउघाडणी झाली असती. पण मग माझे ऱ्हस्व-दीर्घ निघाले, गेल्या गणपतीत घेतलेली जादा रजा निघाली, बाहेर सोडलेला शर्टसुद्धा निघाला. कंपोझिंगची पोरं दारात. चहावाला पोऱ्या कपबश्या तशाच हातात धरून उभा. बुडाला लागलेलं पातेलं उलथन्याने खरवडावं तसं पाऊण तास चाललं होतं आणि मी मनात म्हणत होतो, साहेब, हीच ती.

तर फरक हा. कानउघाडणी एका चुकीची, बाजूला घेऊनही होते. खरडपट्टीत जुनं सगळं निघतं, बहुधा चारचौघांत. आणि ताशेरे माझ्या मते लेखी. त्या दिवशी न्यायालयात लेखी काहीच नव्हतं. पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना उभं करून मागच्या तीन पावसाळ्यांचा हिशोब तोंडी विचारला होता. म्हणजे मथळा बरोबर होता! हे मला तेव्हा सुचलं नाही, बसस्टँडवर सुचलं. आता तर ‘न्यायालयाने सरकारची खरडपट्टी काढली’ असं सगळेच छापतात, कोणी अंक आपटत नाही.

तुमचं राहिलंच. मित्रांत ‘झापलं’ म्हणा, पुरे. ऑफिसच्या इमेलमध्ये मात्र यातलं काहीच नको, ‘नाराजी व्यक्त केली’ लिहा. आणि साहेब दोनच वाक्यं बोलले असतील, तर त्याला खरडपट्टी म्हणू नका. आम्ही पाऊण तास उभे होतो.