बरोक काळातल्या (साधारण १७व्या शतकातल्या युरोपीय कलेच्या) येशूजन्माच्या चित्रांत उजेड बाळातूनच का येतो?

ही कल्पना बरोकच्या आधीची. १४व्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजेटने आपल्याला झालेलं दर्शन सांगितलं होतं: नवजात येशूच्या तेजापुढे मरियाचा पती जोसेफ याची मेणबत्ती फिकी पडली. चित्रकारांनी ते उचललं. १६व्या शतकात इटालियन चित्रकार कोरेज्जोने काळोख्या गोठ्यात बाळालाच दिवा केलं. पुढे डच चित्रकार गेरार्ड होन्टहोर्स्टचा यात असा हात बसला की इटलीत त्याला ‘रात्रींचा गेरार्दो’ म्हणत. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं त्याचं साधारण १६२०चं चित्र मोठं करून बघा. मरिया आणि देवदूतांचे चेहरे खालून उजळलेत, मागचा जोसेफ अर्धा अंधारात.

पण सगळे असं रंगवत नाहीत. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या १६०९च्या चित्रात (सिसिलीतल्या मेसिनाला आहे) उजेड बाहेरून येतो. बाळ चमकत नाही, मरिया थकून जमिनीवर टेकलेली, मेंढपाळ गरीब, आणि वरचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा काळोख. देवदूत नाहीत! मला हेच सरस वाटतं. फ्रेंच चित्रकार ला तूरने मधला मार्ग काढला: जोसेफच्या हातात मेणबत्ती आहे, पण त्याने ज्योतीपुढे हात धरलाय, त्यामुळे डोळ्यांत भरतं ते उजळलेलं बाळच.