लाल ठिपक्याला भुलू नकोस

अगं, परवा शेवउसळ खाता खाता मोबाइलवर दाखवलास ना, तो मेंदूच्या स्कॅनमधला लाल ठिपका, 'अमुक वागण्याची जागा मेंदूत इथे' असं सांगणारा? आधी बघ, किती जणांचं स्कॅनिंग केलंय. पंचवीस-तीस? मग जरा थांब. माणसामाणसांच्या मेंदूतले फरक आणि त्यांची वागणूक यांचा भरवशाचा संबंध काढायला हजारो माणसं लागतात, असं 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं. शिवाय एफएमआरआय, म्हणजे असे ठिपके दाखवणारं स्कॅनिंग, मेंदूतल्या पेशींचं काम थेट बघतच नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपतं, तोही काही सेकंद उशिरा. 2009 मध्ये तर मेलेल्या सॅल्मन माशाच्या मेंदूत ठिपका उजळला होता! हजारो बिंदू एकदम तपासले, की योगायोगानेच काही पेटतात. असे योगायोग गाळणारी संख्याशास्त्रातली दुरुस्ती त्या माशाच्या वेळी मुद्दाम केली नव्हती, हेच दाखवायला. (मीही पहिल्या वर्षी अशाच ठिपक्यावर सेमिनार ठोकलाय.) रविवारी मांडवीला घरी ये, संख्याशास्त्राची वही घेऊन.