देशी दारू दुकानाच्या परवाना नूतनीकरणास हरकत कशी घ्यावी?

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आणि एसटी थांबा यांच्यामधल्या रस्त्यावर देशी दारूचे परवानाधारक दुकान आहे. त्याचा परवाना 31 मार्चला संपतो. ग्रामसभेने दुकान बंद करण्याचा ठराव केला आहे. दुकानाचे मागचे शटर पहाटेच उघडते आणि दुचाकीवरून बाटल्यांची खोकी शेजारच्या वस्तीवर जातात. ठराव जोडून हरकत घेतली, तर नूतनीकरण थांबेल ना? – बचत गटातील एक भगिनी

उत्तर : ताई, केवळ ठरावाने नूतनीकरण थांबणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे उरलेले दिवस त्या भरवशावर जाणार नाहीत. नूतनीकरणापूर्वी गावाकडून जाहीर हरकती मागवल्या जात नाहीत. शुल्क भरलेले असले आणि गंभीर नियमभंग नोंदलेला नसला, की परवाना सहसा पुढच्या वर्षासाठी चालू राहतो. मद्यविक्री हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात म्हटले आहे, पण तेवढ्याने जिल्हाधिकारी परवाना नाकारू शकत नाहीत. त्यांना कारण लागते, आणि ते कारण तुमच्याच पत्रात आहे.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 54 नुसार परवानाधारकाने, त्याच्या नोकराने किंवा त्याच्या संमतीने वागणाऱ्या कोणीही परवान्याच्या अटी मोडल्या, तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. म्हणजे ‘ते नोकराने केले, मला माहीत नव्हते’ हा बचाव सहजासहजी चालत नाही. त्यामुळे अर्जात दारूच्या दुष्परिणामांवर पाने भरवू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता शटर उघडले, कोणी पाहिले, एवढेच लिहा आणि पाहणाऱ्यांच्या सह्या घ्या. त्यासाठी आजपासून एक वही घाला आणि नोंद त्याच दिवशी करा, कारण महिन्याभरानंतर आठवून लिहिलेली नोंद सुनावणीत टिकत नाही.

खोक्यांचा मुद्दा तर मला सर्वांत भक्कम वाटतो. शेजारच्या वस्तीवर पोलिसांनी अवैध विक्रीवर छापा घातला असेल, तर पंचनाम्यात जप्त बाटल्यांचे वर्णन असते. बाटलीच्या लेबलवर बॅच क्रमांक छापलेला असतो. पंचनाम्यात तो उतरवला असेल आणि तोच क्रमांक या दुकानाच्या साठा नोंदवहीत सापडला, तर माल कोठून गेला हे शोधण्याचा धागा हाती येतो. पंचनाम्याची प्रत मिळवण्याचा प्रयत्न करा. परवान्याच्या अटी, दुकानाचा मंजूर नकाशा, तपासणीचे शेरे आणि आजवरची नियमभंग प्रकरणे यांच्या प्रती राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे माहितीच्या अधिकारात मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असल्याने हा अर्ज आजच द्यावा. शाळेपासूनच्या अंतराचा मुद्दाही घ्या, परंतु शाळा आधीची की दुकान आधीचे, हा प्रश्न विचारला जाईल, तेव्हा शाळेच्या स्थापनेचा दाखला जवळ ठेवा.

आता ठरावाविषयी. गावाच्या इच्छेने दुकान बंद करण्याचा मार्ग 25 मार्च 2008 च्या शासन आदेशाने दिलेला आहे, आणि तो मतदानाचा आहे. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू राहावे) आणि आडवी बाटली (दुकान बंद व्हावे) असते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील महिलांनी याच मार्गाने दुकाने बंद पाडली. मात्र आडव्या बाटलीला, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. यादीत 800 महिला असतील, तर 200 सह्या आणि 401 मते हवीत. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पदरात पडते. तुमच्या भागातील कुटुंबे ऊसतोडीला जात असतील, तर त्यांतील महिला परतल्यानंतरची तारीख लेखी मागा. सह्या मतदार यादीतील नावानुसारच घ्या; माहेरच्या नावाने केलेल्या सह्या पडताळणीत गळतात आणि काठावरचे निवेदन तेवढ्यानेच पडते.

31 मार्च या तारखेने घाबरून जाऊ नये. कलम 54 ची कारवाई आणि मतदान, दोन्ही परवान्याच्या वर्षात केव्हाही होऊ शकतात. तरीही हरकत त्या तारखेपूर्वी दाखल करा, म्हणजे नूतनीकरण करताना तक्रार समोर नव्हती, असे कोणाला म्हणता येणार नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करून प्रत अधीक्षकांना द्यावी आणि सुनावणीत आम्हालाही म्हणणे मांडू द्यावे, अशी विनंती त्यातच करावी. निर्णय विरुद्ध गेला, तर आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा. कलम 137 खाली राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपिलाची तरतूद आहे आणि मुदत चुकू देऊ नये. निर्णयच दिला जात नसेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

एक कळकळीची विनंती. दुकानावर मोर्चा नेऊन बाटल्या फोडू नका. तुमच्यातल्या चौघींवर गुन्हा दाखल झाला, की दुकानदाराच्या नियमभंगाची चौकशी मागे पडते आणि तुमचे दिवस पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्यात जातात. त्यापेक्षा दोघीजणी आवक शाखेत जा, प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि ती प्रत वहीला टाचून ठेवा.