नाव लिहायचे राहिले

प्रिय बाय,

तुझी हार्डडिस्क पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. रात्री जेवण झाले की दोन-तीन फायली ऐकतो. तू वाड्यावाड्यांवर, म्हणजे गावांतल्या वस्त्यांवर, जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या त्रेचाळीस घुमट आरत्या, घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गणेशचतुर्थीला म्हटलेल्या! चार-पाच ठिकाणी आरतीपेक्षा पाऊसच मोठा वाजतो, आणि एकीत ऐन झांजेच्या मधोमध कुणीतरी ‘चहा आणा रे’ म्हणून ओरडतो. ते कापू नकोस. चवथीचे घर त्या ओरडण्यातच आहे.

सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलेस, ‘सर, हे सगळे नेटवर मुक्त परवान्याखाली टाकू का? लोक चोरणार तर नाहीत?’ तुला धास्ती आहे ती चोरांची. मला धास्ती वाटली ती ‘हे सगळे’ या दोन शब्दांची.

चोरांचे आधी संपवतो. १९९८ साली मी गावच्या उत्सवासाठी लिहिलेले तीन अंकी नाटक एका प्रकाशकाने छापले. एक पानी कागद, खाली माझी सही : ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’. बदल्यात दीड हजार रुपये आणि पंचवीस प्रती. काही वर्षांत प्रकाशकाने दुकान आवरले. पुढे कधी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून, कधी काणकोणातून मंडळांचे फोन यायचे, ‘मास्तर, यंदा जत्रेला तुमचे नाटक बसवू?’ मी प्रामाणिकपणे सांगायचो की हक्क माझ्याकडे नाहीत, प्रकाशकाला विचारा. प्रकाशक सापडायचा नाही. मंडळे दुसरे नाटक घ्यायची. नाटक कोणीही चोरले नाही, आणि ते मरत चालले होते.

२०१४ मध्ये एका ओळखीच्या वकिलाने चहा पिता पिता तो कागद उलटसुलट केला आणि विचारले, ‘मुदत कुठे लिहिली आहे?’ लिहिलीच नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम म्हणते की हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. म्हणजे २००३ मध्येच हक्क माझ्या घरी परत आले होते आणि मी अकरा वर्षे दारात आलेल्यांना परत पाठवत होतो. त्या रात्री मला झोप आली नाही. कायदा वाचून रात्र जागवणारा गोव्यातला मी बहुधा एकटाच नाटककार असेन.

मग मी नाटकाची संहिता स्कॅन केली आणि पहिल्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याची ओळ लिहिली. दोन वर्षांनी पेडण्याच्या एका मंडळाने ते केले. तिसरा अंक अर्धा कापला, माझ्या डॉक्टरचा पंचसभासद केला आणि हँडबिलावर माझे आडनाव चुकीचे छापले. रात्री दोनला मागच्या खुर्चीवर बसून पाहिले. डॉक्टरपेक्षा पंच जास्त शोभला, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

आता हा परवाना म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण अर्धे लोक त्याला ‘हक्क सोडून देणे’ समजतात. तसे नाही. हक्क तुझाच राहतो. तू फक्त अनोळखी माणसाला आगाऊ लेखी सांगून ठेवतेस की अमुक अटींवर घे, विचारायला येऊ नकोस. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था अमेरिकेत २००१ साली निघाली, पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. भारतीय कायद्याला जुळवलेली आवृत्ती २६ जानेवारी २००७ रोजी मुंबईच्या आयआयटीत जाहीर झाली. तेव्हा आपल्याकडे एक पाचर होती. १९५७ च्या कायद्याचे ३० वे कलम परवाना लेखी आणि सहीनिशी मागत असे. नेटवर चिकटवलेल्या ओळीवर सही कुठून आणणार? २०१२ च्या दुरुस्तीने सहीचा शब्द काढला, ‘लेखी’ तेवढे ठेवले. ती दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये परवान्यांची ४.० आवृत्ती आली. ती सगळ्या देशांना एकच, त्यामुळे देशागणिक आवृत्त्यांचा खटाटोप संपला. तू वापरशील ती हीच.

परवाने सहा आहेत, पण मुद्दे चारच. नाव द्या, हे सहाही परवान्यांत आहे. बदल करून जे बनवाल ते याच अटीवर पुढे द्या, ही ‘शेअर-अलाइक’. धंद्यासाठी वापरू नका. बदल करू नका. एवढ्यांच्याच जुळण्या.

मी ‘शेअर-अलाइक’वाला घेतला, आणि तूही तोच घे असे माझे मत आहे. तुझ्या आजोबांना गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, जमिनीचे विचार. ती कोणा एकाची नसे, म्हणून बेवारसही नसे. कोणी कुठे पेरायचे, बांध कोणी राखायचा, हे ठरलेले असे. या परवान्याचे तसेच आहे : घेतलेस तर तुझ्या मळ्यातले पाणीही पुढच्याला सोड.

‘धंद्यासाठी नको’ ही अट तुला गोड वाटेल, मलाही वाटली होती. पण विचार कर. म्हार्दोळच्या एखाद्या मंडळाने स्मरणिकेसोबत तुझ्या आरत्यांची सीडी दिली आणि स्मरणिकेच्या मागच्या पानावर बेकरीची जाहिरात आहे. हा धंदा झाला की नाही? मंडळाचा चिटणीस घाबरून तुला फोन करणार, तू ऑफिसात असणार, फोन उचलणार नाहीस, आणि माझ्या नाटकाचे झाले तेच होणार. शिवाय विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रे-आवाज पुरवणारे भांडार, ‘धंद्यासाठी नको’ किंवा ‘बदल नको’ची अट असलेली फाईल घेतच नाही. विकिपीडियावर ‘घुमट’ या लेखात आवाज ऐकू यावा असे तुला वाटत असेल तर ती वाट त्या अटीने बंद होते. पैशाचे म्हणशील तर मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेकडे बघ. २०१५ पासून तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पुस्तके फक्त ‘नाव द्या’ एवढ्या अटीवर आहेत, आणि ती संस्था छापील प्रती विकतेही.

गोव्यातलाच दाखला हवा तर कोंकणी विश्वकोश घे. गोवा विद्यापीठाने केलेले चार जाडजूड खंड. वर्षानुवर्षे ग्रंथालयांत काचेआड. २०१३ मध्ये विद्यापीठाने ते ‘शेअर-अलाइक’ परवान्यावर मोकळे केले, आणि मग ती पाने विकिस्रोत या नेटवरच्या मुक्त ग्रंथालयात टंकता आली. मराठी-कोंकणीचा वाद बाजूला ठेवून सांगतो, हे काम आपल्या मराठी संस्थांनी आधी करायला हवे होते. असो.

न करण्याची किंमत वर्षांत मोज. कायद्याने हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. आधी पन्नास होता. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांची पन्नास वर्षे १९९१ अखेर भरत आली तेव्हा दहा वर्षे वाढवली गेली. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तके २००८ सालापासून कोणीही छापू शकतो. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९६६ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०२६ अखेरपर्यंत. मोठ्यांच्या पुस्तकांना वारस असतात, प्रकाशक असतात, कोणीतरी सापडते. वाड्यावरच्या बुवाने वहीत लिहिलेल्या आरतीसाठी साठ वर्षांनी कोणाला शोधणार? वही वाळवीने खाल्लेली असते.

आता तुझ्या ‘हे सगळे’कडे येतो. जे तुझे नाही त्याचा परवाना तू देऊ शकत नाहीस, आणि या हार्डडिस्कमधल्या प्रत्येक फायलीत तीन मालक असू शकतात. एक, शब्दांचा. जुन्या पारंपरिक आरत्यांचा कोणी मालक नाही. पण फाईल ९ आणि ३१ मधले शब्द मला नवे वाटतात. ते बुवाने स्वतः रचले असतील तर ते त्याचे, त्याचा होकार हवा. दोन, वाजवणारे-गाणारे. ३८ व्या कलमाखाली त्यांचा वेगळा हक्क आहे, पन्नास वर्षांचा, आणि आपले नाव यावे हाही त्यांचा हक्क आहे. तीन, ध्वनिमुद्रण. पुढाकार आणि जबाबदारी तुझी, म्हणून ते तुझे. मात्र एखाद्या संस्थेने पैसे देऊन करून घेतले असेल तर आधी तो कागद मला दाखव. गाणाऱ्यांपैकी कोणी रेडिओवाला, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीचा सभासद निघाला तर त्याला वेगळे विचार. त्याने आपल्या रचनांचे हक्क आधीच सोसायटीला दिलेले असू शकतात.

म्हणून प्रत्येक वाड्यावर परत जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवरचा अंगठाही नको. एक कागद ने : ‘आमच्या मंडळाचे अमुक दिवशी केलेले ध्वनिमुद्रण, आमची नावे देऊन, कोणीही ऐकावे, वाटावे, बदलून वापरावे, त्यावर पैसेही मिळवावेत, यास आमची संमती आहे.’ ‘पैसेही मिळवावेत’ हे शब्द हळू वाच, दोनदा वाच. तिथेच कोणीतरी मान वर करील. करू दे. वाद झाला तर ती फाईल बाजूला ठेव. त्यांना हेही सांग की दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या तू फाईल काढून टाकशील, पण ज्याने आज घेतली त्याचा परवाना चालूच राहतो.

फाईल १७ चा घुमट जुना असावा. मातीच्या भांड्यावर घोरपडीचे कातडे असले की जो ओला, खोल आवाज येतो तो बकऱ्याच्या कातड्यातून येत नाही. वन्यजीव कायद्याने घोरपड बंद आहे, हे तुला माहीत आहे. सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य ठरवले म्हणून कातड्याचा गुन्हा माफ होत नाही. आवाज ठेव, पण त्या घराचा फोटो आणि पत्ता चढवण्याआधी त्यांना विचार. परवाना कॉपीराइटपुरता असतो, माणसाला सांभाळायचे काम तो करत नाही.

आणि शेवटच्या फोल्डरबद्दल. ‘धालो’ असे नाव दिले आहेस आणि आत बायकांच्या त्या गाण्या-नाचाच्या विधीचे सात व्हिडिओ. पौषातल्या रात्रीचा मांड, म्हणजे धालोची ठरलेली जागा, बायकांच्या दोन रांगा, आणि सातव्या व्हिडिओत एका बाईच्या अंगात आले आहे. मी तो व्हिडिओ पुरता पाहिला नाही, बंद केला. तिथे तुला बसू दिले ते तू त्या वाड्याची भाची म्हणून. मांडावर चपला काढून गेलीस ना? मग कॅमेऱ्यालाही काही पाळायला हवे. गाणी वेगळी करून, बायकांना ऐकवून, त्या हो म्हणतील तेवढी दे. सातवा त्या बाईला नेऊन दाखव आणि ती सांगेल ते कर. पुसून टाक म्हणाली तर तिच्यासमोर पुस.

बाकी तांत्रिक काम सोपे आहे. प्रत्येक फायलीसोबत वाडा, तारीख, वाजवणारे, गाणारे, ध्वनिमुद्रण करणारी तू, आणि ‘सीसी बाय-एसए ४.०’ (म्हणजे नाव द्या, शेअर-अलाइक) एवढी ओळ, सोबत परवान्याचा दुवा. नोंदणीची गरज नाही, स्टँप पेपरची तर नाहीच. मूळ वेव्ह फायली ठेव, एमपीथ्री करून मूळ फेकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

तुझी यादी मी तपासली. घुमटवाल्यांची नावे आहेत, गाणाऱ्यांची आहेत. फाईल २२ मध्ये शामेळ, म्हणजे घुमटाच्या साथीचे चर्मवाद्य, वाजवणारा जो म्हातारा आहे, ज्याचा हात शेवटच्या कडव्याला एक मात्रा मागे रेंगाळतो आणि अख्खी आरती त्याच्यासाठी थांबते, त्याच्यापुढे तू नुसते ‘शामेळ’ लिहिले आहेस. त्याचे नाव काय? शनिवारी डिस्क न्यायला येशील त्याआधी त्याच्याकडे जाऊन ये. गेल्या चवथीला तो खुर्चीवर बसून वाजवत होता, असे तूच म्हणालीस.

तुझा,
सर